राब, अळूवडी आणि माझे राहून गेलेले वाक्य

शीळफाट्यापासून माजिवड्यापर्यंत माझ्याविषयी सध्या दोन हकिकती सांगितल्या जातात आणि त्या दोन्ही खोट्या आहेत. पहिली आमच्या शेतकरी गटातल्या एका निवृत्त बँकवाल्याची. तिच्यानुसार, तपासणीच्या दिवशी मी फुशारकीच्या भरात सगळ्या गटाचे बिंग फोडले आणि खरे बोलण्याचा क्षण आला तेव्हा मूग गिळून गप्प बसलो. दुसरी आमच्या गटप्रमुख वहिनींची. तिच्यानुसार, मी गप्प बसलो तो मुद्दाम. उरलेल्या पाच जणांची शेते वाचावीत म्हणून मी स्वतःच्या शेतावर पाणी सोडायला तयार झालो. एका हकिकतीत मी भित्रा ठरतो, दुसरीत थोर. दोन्ही पदव्या मी साभार परत करतो. मी गप्प बसलोच नव्हतो. मी बोलणार होतो. मध्ये एक अळूवडी आली.

ज्यांना ह्यात हसण्यासारखे काही दिसते, त्यांनी मी कोण आहे हे आधी जाणून घ्यावे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षे गुणवत्ता तपासनीस होतो. पिंपात भरलेल्या रंगातला चमचाभर माझ्या टेबलावर येई आणि माझी सही झाल्याशिवाय ते पिंप फाटकाबाहेर पडत नसे. माझ्या सहीने गेलेले एकही पिंप परत आले नाही. बँकवाला म्हणतो, एक आले होते. ते दुसऱ्या पाळीचे होते आणि त्या पाळीत मी नव्हतो, हे मी त्याला लेखी दिले आहे. सांगायचे इतकेच, की ज्यावर मी ‘ठीक’ असे लिहीन ते ठीक असते, ही माझी आयुष्यभराची कमाई. नौपाड्यातले घर लहान आहे, निवृत्तिवेतन त्याहून लहान. कमाई ती हीच, आणि नेमके तिच्यावरच ही मंडळी बोट ठेवतात. म्हणून हा खटाटोप.

शीळफाट्याच्या पलीकडे, कल्याणच्या रस्त्यापासून थोडे आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचे वडिलोपार्जित भातशेत आहे. तिथून पूर्वी नजर जाईल तिथवर खाचरेच दिसत; आता आधी गोदामांचे पत्रे दिसतात, मग टोलेजंग इमारती, आणि त्यांच्या फटीतून जमेल तेवढे आकाश. निवृत्तीनंतर मी ते शेत रसायनांशिवाय करायला घेतले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी नातेवाइकांत असे पसरवले की, जन्मभर रसायनांत हात घातले, आता पापक्षालन चालले आहे. हेही चूक. पिंपात काय असते हे ज्याला ठाऊक असते तो ते आपल्या भातावर शिंपडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ह्यात पाप नाही आणि क्षालनही नाही.

आता गटाविषयी. सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत; लहान शेतकऱ्यांसाठी एक असा आहे की, पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून गट करायचा, एकमेकांची शेते तपासायची आणि एकमेकांची हमी घ्यायची. बाहेरचा तपासनीस नाही. शेजारी हाच तपासनीस. तीन वर्षे नियमाने शेती केली, की चौथ्या वर्षी आपल्या तांदळाच्या पिशवीवर तसे लिहिता येते. ह्या व्यवस्थेची गोम अशी, की सहांतला एक खोटा निघाला आणि त्याला वेळीच गटाबाहेर काढला नाही, तर सहाही खोटे ठरतात. आणि ‘पुन्हा पहिल्यापासून’ असा शेरा पडला, तर आणखी तीन वर्षे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तीन वर्षे ही मुदत नसते, ती पैज असते.

गटप्रमुख वहिनी. माझ्या बालमित्राची बायको. त्याचे खाचर माझ्या खाचराला लागून. मित्राचे गुडघे गेले, तेव्हापासून शेत त्याच करतात. माजिवड्याच्या एका मोठ्या संकुलात दर शनिवारी भाजीबाजार भरतो. तिथे त्यांना बसायला जागा मिळाली होती, पण प्रमाणपत्र आणा, मगच ‘सेंद्रिय’ अशी पाटी लावा, असे तिथल्या मंडळींनी बजावले होते. बँकवाला डोंबिवलीला राहतो. त्याचे सासुरवाडीचे शेत आमच्या खालच्या अंगाला. त्याच्याकडे छपाईयंत्र असल्यामुळे कागदपत्रे त्याच्याकडे गेली. त्याचे वय पासष्ट आहे आणि तो मला ‘काका’ म्हणतो, ह्यावरून काय ते समजावे. लेखनिक अर्थात मी. उरलेले तिघे सज्जन आहेत. म्हणजे सभेत बोलत नाहीत.

आमच्या तपासण्या पाहण्यासारख्या असत. बँकवाला फीत घेऊन बांधाची रुंदी मोजायचा, कारण शेजारी औषध फवारत असेल तर मध्ये मोकळा पट्टा सोडावा, असा नियम आहे. मी खिशातून कागदी पट्ट्या काढून पाण्याची आम्लता पाहायचो. वहिनी मात्र अर्जाला हात लावत नसत. मूठभर माती उचलायच्या, हुंगायच्या, आणि मग सरळ खोपटात शिरून माळ्यावर काठी खुपसायच्या. युरियाची गोणी लपवायची झाली तर माणूस तिथेच लपवतो, असे त्यांचे मत. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याही माळ्यावर काठी घातली.

‘‘वहिनी, माझ्यावर संशय?’’ मी विचारले.

‘‘संशय नाय, भावजी. तपासनी. तुमी पिंपातला चमचा काढायचेत ना, तसा.’’

उत्तर माझ्याच व्यवसायातले असल्यामुळे ते मला मान्य करावे लागले.

तपासणी झाली की मी अर्ज भरायचो. त्यात पुष्कळ प्रश्न असत: बियाणे कुठले, खत कुठले, पाणी कुठून येते. आणि मध्येच एक प्रश्न असा: शेतात काडीकचरा, गवत किंवा पालापाचोळा जाळला जातो काय? सहाही जण एका सुरात म्हणायचे, ‘छे.’ मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो, ‘नाही’. तीन वर्षे, सहा शेते, म्हणजे अठरा वेळा मी ते लिहिले, आणि दर वेळी मला थोडा अभिमानही वाटला. कारण रस्त्याकडच्या गोदामांमागे रोज संध्याकाळी काहीतरी जळत असते आणि त्या धुराने डोळे चुरचुरतात. जाळणारे ते. आम्ही कसले जाळतो?

ज्यांनी ठाणे जिल्ह्यातले भात कधी पेरलेले नाही, त्यांना इथे राब म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. भाताची रोपे आधी एका लहान तुकड्यावर वाढवतात आणि मग उपटून खाचरात लावतात. त्या तुकड्यावर उन्हाळ्यातच शेण पसरायचे, त्यावर झाडांची तोडलेली टहाळी, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा पातळ थर. आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने त्याला चूड, म्हणजे गवताची पेटती पेंढी, लावायची. सगळे सावकाश, आतल्या आत धुमसत राहिले पाहिजे. तणाचे बी मरते, राख मिळते, माती भुसभुशीत होते. ह्याला राब भाजणे म्हणतात. माझ्या वडिलांनी राब भाजला, त्यांच्या वडिलांनी भाजला, आणि आम्ही सहाही जण दर वर्षी न चुकता भाजत होतो.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या मात्र तीन वर्षे आले नाही. राब ही आमच्या लेखी पेरणीची सुरुवात होती, जसे लग्नाआधी हळद दळणे. अर्जातला प्रश्न वाचून सहांपैकी एकाच्याही डोळ्यांपुढे तो तुकडा, तो धूर, ती चूड आली नाही. कोणी लपवले नाही, कोणी कोणाला डोळा मारला नाही. आम्ही पूर्ण प्रामाणिकपणे खोटे लिहिले. आणि ते खोटे माझ्या अक्षरात होते.

तिसऱ्या वर्षी, भात फुलोऱ्यात असताना, वरच्या कार्यालयातून एक बाई अचानक फेरतपासणीला आल्या. तिशीच्या आतल्या, सोलापूरकडच्या. ज्वारीच्या मुलखातल्या असल्यामुळे भाताशी त्यांची ओळख ताटापुरती होती. वहिनींच्या पडवीत आम्ही सगळे जमलो. बँकवाल्याने पाच जणांच्या शेतवह्या पुढे ठेवल्या. त्या पाचही त्याने एकाच दुपारी, एकाच पेनाने लिहिल्या होत्या, हे मला आधी ठाऊक नव्हते, पण शाईने सांगितले. बाईंनी त्या भराभर चाळल्या. मग माझ्या तीन जाडजूड बांधीव वह्यांकडे त्यांचे लक्ष गेले.

बँकवाल्याची हकिकत इथे पहिल्यांदा वाट सोडते. तो म्हणतो, बाईंनी फक्त पाणी मागितले होते; वही वाचून दाखवा असे कोणीही म्हटले नव्हते. मी म्हणतो, त्यांनी वहीकडे पाहिले होते. जाणकार माणसाने वहीकडे पाहणे हा प्रश्नच असतो, आणि मी प्रश्नाला उत्तर देतो.

‘‘आजोबा, एवढं सगळं तुम्ही लिहिलंय?’’

‘‘लिहिले आहे म्हणजे? मोजून लिहिले आहे,’’ मी म्हणालो आणि चष्मा पुसला.

घमेलेभर मातीत किती गांडुळे, शेणखत किती पाट्या, खोडकिडीचे पतंग सापळ्यात कोणत्या आठवड्यात आले, हे मी वाचू लागलो. मान्य करतो की मला बरे वाटत होते. तीन वर्षांत ती वही उघडून पाहणारी ही पहिलीच व्यक्ती. घरी तर तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवत. वाचता वाचता मी उन्हाळ्यात शिरलो.

‘‘राब भाजला. खाली शेण, वर ऐनाची टहाळी, त्यावर पाला, गवत, माती. वारा पश्चिमेचा. धूर सरळ. राब उत्तम भाजला.’’

‘‘राब म्हणजे?’’

हा मात्र निर्विवाद प्रश्न होता. मी उभा राहून सांगितले. टहाळी कशी रचतात, चूड कुठून लावतात, धग चार बोटे खाली कशी उतरली पाहिजे. हातवारे थोडे अधिक झाले असतील. बाई मन लावून ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता अर्जाची पाने उलटत होत्या.

‘‘म्हणजे पालापाचोळा जाळता,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पण इथं ‘नाही’ लिहिलंय. अक्षर तुमचंच दिसतं.’’

अक्षर माझेच होते. सुंदर होते.

बँकवाल्याने माझ्या कानाशी येऊन सुचवले, ‘‘काका, भाजणं म्हणजे जाळणं नव्हे, असं म्हणा ना.’’ मी त्याच्याकडे असे पाहिले की तो आपल्या जागी जाऊन बसला. चौतीस वर्षे मी लोकांची असली वाक्ये परत पाठवली होती. निळा रंग हिरवट निघाला की ‘हा वेगळा निळा आहे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

इतक्यात वहिनी आतून अळूवड्यांचे ताट घेऊन आल्या. पाहुणी आली आहे, बोलणे कुठेही पोहोचलेले असो, खायला देणे भाग होते. बाईंनी हात जोडले. मी एक वडी घेतली. ती प्रश्नाच्या आधी घेतली, हे नोंदवून ठेवावे. नंतर घेतली असे म्हणणारे खोटे बोलतात. वडी तोंडात गेली आणि बाईंनी विचारले, ‘‘बाकीच्यांच्या वहीत राबाची नोंद नाही. म्हणजे हे फक्त तुमच्याच शेतात होतं का?’’

ह्या एका वाक्यात सगळे आले होते. माझी वही मला बुडवणार हे तर ठरलेच होते. मी ‘हो’ म्हटले असते, तर मला गटाबाहेर काढून बाकीचे पाच सुटले असते आणि अर्जांवर माझी पंधरा खोटी उत्तरे तशीच राहिली असती. ‘नाही, सगळेच भाजतात’ म्हटले असते, तर वहिनींच्या शनिवारच्या पाटीसकट सगळे बुडाले असते. बँकवाला सांगतो, मी द्विधा मनःस्थितीत होतो. मुळीच नाही. माझे वाक्य तयार होते. ‘बाई, हे अठराही ‘नाही’ चुकीचे आहेत आणि ते मी लिहिले आहेत.’ इतके साधे, बारा नाही तर अकरा शब्दांचे. मी हात वर केला, तोंड उघडले, आणि त्या क्षणी त्या अळूवडीने माझा घसा धरला. अळूच्या पानाला खाज असते. चिंचेने ती मारावी लागते. चिंच कमी पडली, की घशात जणू कुणी कुसळे ओततो. वाक्य जिथे होते तिथेच राहिले.

आणि वहिनी म्हणाल्या, ‘‘मॅडम, त्यांच्याच शेतात कशाला? राब आमी सगलेच भाजतो. कागदावर लिवला नाय, कारन ह्यो पाला जालना हाय हा कुनाच्या डोक्यात आलाच नाय. काय लिवायचा ता लिवा.’’

बँकवाल्याच्या मते मी पूर्ण एक मिनिट गप्प होतो. माझ्या मते दोन श्वास. मिनिटभर माणूस हात वर करून उभा राहत नाही.

पंधरवड्याने पत्र आले. पहिल्यापासून सुरुवात नाही. पण आणखी एक वर्ष देखरेखीखाली काढायचे, राब भाजायचा नाही, रोपे दुसऱ्या रीतीने वाढवायची आणि तसे सहा जणांनी लिहून द्यायचे. चूक ‘अज्ञानामुळे’ झाल्याचे दिसते, असेही त्यात होते. तो शब्द माझ्या नावाशेजारी आयुष्यात प्रथमच आला. मी चार पानी खुलासा लिहिला आणि टपालात टाकायला सौभाग्यवतींकडे दिला. सहा महिन्यांनी तो तांदळाच्या डब्यात सापडला.

‘‘अहो, एक वर्षावर निभावलंय,’’ ती म्हणाली. ‘‘ही पानं वाचून ते पुन्हा तीन करतील.’’

दरम्यान बँकवाल्याची हकिकत सगळीकडे पोहोचली होती: काकांनी वाचून दाखवले, काकांची बोबडी वळली, वहिनी बाईमाणूस असून धीराच्या निघाल्या. माझ्यापुढे एकच मार्ग होता. मी बांधावर जाऊन वहिनींना गाठले आणि सरळ सांगितले की, मी बोलणारच होतो, परंतु त्यांच्या अळूवडीला खाज असल्यामुळे बोलता आले नाही, आणि हे त्यांनी चारचौघांत मान्य करावे.

वहिनींनी विळा खाली ठेवला.

‘‘माज्या अलूवडीला?’’

‘‘चिंच थोडी कमी पडली असावी.’’

‘‘चालीस वर्सं मी अलू शिजवते, भावजी. ह्या गावात कुनाचा घसा धरला नाय.’’

‘‘मग माझाच धरला असेल.’’

‘‘मंग घसा खराब असेल,’’ म्हणून त्यांनी विळा उचलला.

त्यानंतर मला त्यांच्याकडे चहा मिळत असे, वडी नाही. आणि आठवडाभरात ती दुसरी हकिकत उगवली. वहिनी माजिवड्याच्या बाजारात, पडवीत, बांधावर, सगळ्यांना सांगू लागल्या की भावजी मुद्दाम गप्प राहिले, पाच घरांसाठी. लोक मला पाहून हात जोडू लागले. एका गृहस्थाने बाजारात माझ्या पायाला हात लावला. भित्रेपणाच्या आरोपाला उत्तर देता येते. थोरपणाच्या आरोपाला काय उत्तर द्यायचे? ‘छे हो, मी तसा नाही’ म्हटले, की लोक म्हणतात, ‘बघा, किती विनय.’

पुढच्या उन्हाळ्यात राब नव्हता. डोंगराखाली कुठेही आमचा धूर नव्हता, आणि मला कबूल केले पाहिजे की तो तुकडा पाहून चुकल्यासारखे होत होते. त्याऐवजी गादीवाफे करायचे ठरले: उंच वाफा, कुजलेले शेणखत, भाताचा तूस, आणि आगीचे काम हाताने. आगीचे काम म्हणजे तण मारणे. आग चार बोटे खाली जाऊन जे एका सकाळीत करी, ते आता सहा घरांनी गुडघ्यावर बसून करायचे होते.

भाताच्या रोपांत एक गवत उगवते, ते भाताचे हुबेहूब सोंग घेते. रंग तोच, उंची तीच. मी पहिल्या दिवशी दोन वाफे निवडून काढले आणि समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी कळले की मी उपटले ते भात आणि राखले ते गवत. बँकवाला सांगतो, सगळेच. सगळे नाही; एका वाफ्यात जवळजवळ निम्मे भात शिल्लक होते. मग मी ह्या प्रश्नाकडे शास्त्रशुद्ध पाहायचे ठरवले. पाते जिथे खोडाला चिकटते, तिथे भाताला एक बारीकसा पांढरा पापुद्रा असतो; सोंगाड्याला नसतो. मी कारखान्यातले जुने भिंग काढले, छत्री रोवली आणि एकेक रोप तपासून ‘ठीक’, ‘ठीक नाही’ असे करू लागलो. अचूक काम होते. दिवसाला एक हातभर ओळ होत असे.

चौथ्या दिवशी वहिनी बांधापलीकडून थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग बांध ओलांडून आल्या, माझ्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि नुसत्या बोटांनी, बोटांना कळते तसे, गवत काढत माझ्याकडे सरकू लागल्या. मध्यावर आम्ही भेटलो तेव्हा माझ्या बाजूने हात, दीड हात झाला होता.

‘‘भिंग पुसा, भावजी. घाम पडलाय त्याच्यावर,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

भात फुलोऱ्यात आले तेव्हा त्याच बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी सहाही वह्या सहा अक्षरांत होत्या. वहिनींची तर नातीने लिहिली होती, आणि तिच्यात मध्येच मांजर काढले होते. बाईंनी माझी वही स्वतः मागून घेतली आणि स्वतः मोठ्याने वाचली. ‘‘‘तण समजून भाताची रोपे उपटली. चूक माझी.’ आजोबा, हे कशाला लिहिलंत?’’

‘‘घडले म्हणून.’’

त्यांनी त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिले. काय, ते मी वाचण्याचा प्रयत्न केला. उलटे वाचता आले नाही.

प्रमाणपत्र आले. त्यावर सहा नावे होती, वहिनींचे पहिले, माझे सहावे. वर्णानुक्रम आहे, असे बँकवाला म्हणतो. कोणत्या वर्णमालेचा, हे मी त्याला विचारले आहे. वहिनींनी ते प्लास्टिकमध्ये घालून माजिवड्याच्या बाजारात डोक्यावर टांगले. त्याकडे आजवर कोणी मान वर करून पाहिलेले नाही. बायका येतात, तांदळाचा दाणा दाताखाली धरतात आणि विचारतात, ‘‘नवा आहे की जुना?’’

प्रमाणपत्र आले त्या रविवारी वहिनींच्या पडवीत सगळे जमले होते. बाईंनाही बोलावले होते. बँकवाला रंगात आला आणि त्याने आपली हकिकत थेट साक्षीदारासमोरच सुरू केली.

‘‘पूर्ण एक मिनिट, मॅडम. तुम्ही होतात ना? काकांच्या तोंडातून शब्द फुटेना.’’

‘‘मी लिहीत होते. मला नाही आठवत,’’ बाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. दोन श्वास आणि एक मिनिट ह्यांतला फरक समजावून सांगण्याची माझी तयारी होती. तेवढ्यात वहिनी आतून आल्या, हातात ताट.

‘‘किती झगडताय त्याच्यावर. भावजी गप बसले नव्हते. मी समोर उभी होती. हात वर झालेला, तोंड उघडलेला, बोलायलाच लागलेले ते.’’

बँकवाल्याने विचारले, ‘‘मग तुम्ही मध्ये का बोललात?’’

‘‘मंग काय करू? ते सुरू झाले असते तर आधी त्यांचा आजा, मंग राब, मंग कारखाना, मंग ता दुसऱ्या पालीचा पिंप. मॅडमना कल्यानची बस गाठायची होती. मी आपला दोन वाक्यांत उरकला.’’

बाईंनी पदराआड हसू लपवले. मी मात्र एका गोष्टीचा खुलासा मागितला. ‘‘आणि वर्षभर मला थोर ठरवत फिरलात, ते?’’

‘‘तुमी माज्या अलूवडीला खाजरी बोललात,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘शिव्या दिल्या तर तुमी भांडून मोकले होता. कौतिक केला की तुमाला झोप लागत नाय, हा वैनीसायबांनी मला सांगितला.’’

‘वैनीसायब’ म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्या भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान वाचण्यात गढल्या होत्या.

असो. साक्ष लागली. मी बोलणार होतो, हे आता प्रत्यक्षदर्शी माणसाने चारचौघांत सांगितले आहे. ती साक्ष ज्या कारणासह मिळाली ते कारण मला मान्य नाही, परंतु साक्ष ती साक्ष. बँकवाला अजूनही पहिलीच हकिकत सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहून ठेवले.

वहिनींनी ताट माझ्यापुढे धरले. वर्षभराने मला अळूवडी मिळत होती आणि सगळी पडवी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी एक घेतली, सावकाश चावली आणि गिळली.

‘‘काय, भावजी? खाज हाय?’’

घसा धरला होता. थेट मागच्यासारखाच, चिंच ह्याही वेळी कमी होती. डोळ्यांत पाणी येऊ न देता मी नकारार्थी मान हलवली आणि दुसरी वडी उचलली. त्या दिवशी मी गप्प राहिलो, जाणूनबुजून राहिलो, आणि हव्या त्या माणसाने त्याची हवी तशी हकिकत करावी.